आडव्या मुलखाची लेन्स

निसर्गचित्रासाठी कोणती लेन्स घ्यावी असे विचारले की दुकानात, कॅमेरा क्लबात आणि मित्रमंडळींत एकच उत्तर मिळते: वाइड घ्या. मोठ्या (फुल फ्रेम) सेन्सरचा कॅमेरा असेल तर १६-३५ मिमी, छोट्या सेन्सरचा असेल तर १०-१८. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर किंवा सांदण दरीत उभ्या राहिलेल्या माणसाला हे उत्तर चपखल लागू पडते. वसई-विरारमध्ये राहून इथलाच मुलूख टिपू पाहणाऱ्याला मात्र ते बहुतेक वेळा चुकीच्या दिशेला नेते, असे माझे स्पष्ट मत आहे. हौशी मंडळी साठवलेले पैसे या सल्ल्यावर खर्च करतात, म्हणून त्याची नीट तपासणी व्हायला हवी.

आपला मुलूख आडवा आहे. पश्चिमेला समुद्र, त्याला लागून वाळू आणि सुरूची रांग, मग वाड्या, मग रेल्वे आणि दाट वस्ती, मग खाजण आणि मिठागरे, आणि सगळ्यात मागे तुंगारेश्वर-कामणदुर्गाचे डोंगर. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. कुठेही उभे राहा, समोरचे दृश्य एकावर एक ठेवलेल्या पातळ पट्ट्यांचे असते. या पट्ट्यांच्या वर अफाट आकाश आणि खाली अफाट चिखल, वाळू किंवा शेत. वाइड लेन्स या दोन्ही रिकाम्या गोष्टी भरभरून आत घेते आणि ज्यासाठी थांबलो ती मधली पट्टी दोऱ्याएवढी करून टाकते.

हिशेब करून पाहू. तुंगारेश्वरच्या डोंगराची उंची साडेसहाशे मीटरच्या आसपास. नायगाव-उमेळ्याच्या बाजूने तो दहा किलोमीटरवर आहे असे धरले, तर सेन्सरवर पडणारी त्याची उंची काढणे सोपे आहे: लेन्सची फोकल लेन्थ गुणिले उंची, भागिले अंतर. १६ मिमीच्या लेन्सने डोंगर सेन्सरवर जेमतेम १ मिमी उंच उमटतो, आणि फुल फ्रेम सेन्सरची उंची आहे २४ मिमी. म्हणजे चित्राचा चोविसावा हिस्सा. २४ मिमीच्या लेन्सने तो दीड मिमी होतो. २०० मिमीच्या लेन्सने तोच डोंगर १३ मिमी भरतो, चित्राच्या निम्म्याहून जास्त. पावसाळ्यात त्याच्या कुशीत अडकलेला ढग, उतारावर पडलेली एखादी उन्हाची तिरीप, हे सगळे त्या १३ मिमीत दिसते. १ मिमीत दिसत नाही, मग सेन्सर कितीही मेगापिक्सेलचा असो.

निसर्गचित्र म्हणजे वाइड, हे समीकरण तसे जुनेही नाही. छायाचित्रणाच्या पहिल्या काही दशकांत लँडस्केप लेन्स हा वेगळा प्रकारच बाजारात मिळत असे. त्याचे मूळ वोलॅस्टनने १८१२ साली कॅमेरा ऑब्स्क्युरासाठी सुचवलेल्या एका साध्या वक्र भिंगात होते. १८४० साली पेट्झव्हालने माणसांच्या चित्रांसाठी एफ/३.६ ची तेज लेन्स काढली, तेव्हा लँडस्केप लेन्स एफ/१५ च्या आसपास रेंगाळत होती. डोंगर आणि इमारती हलत नाहीत, त्यामुळे त्या संथपणाची फारशी अडचण नव्हती. तिचा आवाकाही आजच्या मानाने अरुंदच होता. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये, आणि वसईच्या बाबतीत तर जेर्सन द कुन्हा यांचे चौल आणि वसईच्या पुरावशेषांवरचे १८७६ चे इंग्रजी पुस्तक छायाचित्रांसह निघाले. किल्ल्यातल्या पडक्या चर्चसमोर लाकडी कॅमेरा आणि जड तिपाई घेऊन उभे राहणाऱ्यांची ती पिढी. लेन्स बदलून दृश्य आवळावे किंवा पसरावे ही सोय त्यांना फारशी नव्हती. जागा बदलणे एवढेच त्यांच्या हातात होते.

आणि ज्याच्या नावाने निसर्गचित्रणाची शपथ घेतली जाते त्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचे काय? त्याचे १९४१ चे सर्वांत गाजलेले चित्र, न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र, ८×१० इंचांच्या फिल्मवर २३ इंची लेन्सने काढलेले आहे. आजच्या फुल फ्रेम भाषेत ती साधारण ८० मिमीची लेन्स होते. १९६० चे योसेमिटीतल्या हाफ डोम कड्यावरच्या चंद्राचे चित्र त्याने हॅसलब्लाड कॅमेऱ्यावर २५० मिमीची लेन्स लावून काढले, म्हणजे आपल्याकडच्या मोजमापात १४० च्या आसपास. दोन्ही मध्यम टेलि. कडे आणि पर्वत असलेल्या देशातला माणूस जर दूरचे जवळ ओढत होता, तर सपाट किनारपट्टीवरच्या आपण वाइडलाच का चिकटावे?

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहे. टेलि लेन्स अंतर दाबते आणि वाइड ते ताणते असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात पुढची आणि मागची वस्तू एकमेकींच्या मानाने किती मोठी दिसेल हे ठरते फक्त आपण कुठे उभे आहोत त्यावरून. लेन्स त्या दृश्यातला किती तुकडा कापून घ्यायचा एवढेच ठरवते. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर होडीपासून पाच पावलांवर उभे राहिलात तर होडी प्रचंड आणि मागचा पाण्यातला किल्ला चिमुकला. त्याच होडीपासून दीडशे पावले मागे आलात तर दोघांचे प्रमाण जुळू लागते, आणि तेव्हा एवढ्या लांबून चौकट भरायला १३५ किंवा २०० मिमी लागते. म्हणून क्रम असा असावा: आधी पाय ठरवतील, मग लेन्स. उंच जागा इथे मोजक्याच. विरारचा जीवदानी डोंगर, तुंगारेश्वरचा माथा, किल्ल्याचे बुरूज. गोपाळ बोधे यांनी महाराष्ट्राचे किल्ले आणि किनारे आकाशातून टिपले, त्यात लेन्सपेक्षा उभे राहण्याच्या जागेचाच विजय आहे. जमिनीवरच्या माणसाला ती उंची मिळत नाही, तेव्हा त्याला अंतराचा वापर करून घ्यावा लागतो.

जीवदानीच्या हजारावर पायऱ्या चढून पश्चिमेकडे पाहिले की लांब लेन्सची किंमत कळते. पायथ्याला विरारच्या इमारतींची गर्दी, तिच्यापलीकडे आगाशी-अर्नाळ्याच्या बाजूची हिरवळ, मग समुद्राची राखाडी रेघ. वाइडने काढले तर ते केवळ शहराचे छायाचित्र होते. ७० ते २०० मिमीच्या मध्ये हे थर एकमेकांवर येऊन बसतात: काँक्रीट, नारळ, पाणी, आकाश. पाऊस थांबल्यावर हवा धुतली जाते, तेव्हाचे दोन-तीन तास यासाठी सोन्याचे. मार्च ते मे या काळात दुपारी हाच प्रयोग फसतो. तापलेल्या मिठागरांवरून आणि पत्र्यांवरून हवा थरथरत वर चढते आणि २०० मिमीची कितीही महाग लेन्स त्या थरथरीतून धारदार चित्र काढू शकत नाही. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी, आणि शक्यतो पाण्यावरून, असा लांब लेन्सचा नियम ठेवावा.

सूर्यास्ताचेही गणित पाहा. आपल्याला पश्चिम किनारा मिळाला आहे, त्यामुळे भुईगाव, राजोडी, कळंब, अर्नाळा इथे रोज संध्याकाळी मोबाइल आणि कॅमेरे वर होतात. आकाशात सूर्याची थाळी अर्ध्या अंशाची. सेन्सरवर तिचा व्यास फोकल लेन्थच्या सुमारे एकशेदहाव्या भागाएवढा पडतो: २४ मिमीने ०.२ मिमी, म्हणजे ठिपका. २०० मिमीने १.८ मिमी, म्हणजे होडीच्या डोलकाठीमागे ठेवता येईल असा गोळा. पण लांब लेन्स इथे आणखी एक गोष्ट मागते. २०० मिमीची आडवी दृष्टी फक्त १० अंशांची, आणि आपल्या अक्षांशावर सूर्य मावळण्याची जागा डिसेंबरातल्या नैर्ऋत्य बाजूपासून जूनमधल्या वायव्य बाजूपर्यंत वर्षभरात जवळजवळ ५० अंशांनी सरकते. किल्ल्याचा तट, सुरूचे एखादे झाड किंवा खाडीवरचा पूल सूर्यासमोर यावा असे वाटत असेल तर तारीख निवडावी लागते. हे अमुक ठिकाण अमुक महिन्याचे, अशी वही ठेवणारा माणूस नव्या लेन्सविनाही पुढे जातो. आणि सूर्य वर असताना डीएसएलआरच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून टेलि लेन्सने थेट त्याच्याकडे पाहू नये. डोळ्याला कायमची इजा होते. स्क्रीनवर पाहावे.

मग वाइड लेन्सला वसईत जागाच नाही का? आहे, आणि जिथे आहे तिथे तिला पर्याय नाही. तिची खरी कामगिरी पायाजवळची जमीन आणि क्षितिज एका चित्रात बांधण्याची. पायाशी काही असेल तरच ती काढावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आपल्या किनाऱ्यावर पाणी खूप लांब मागे जाते, कळंब-राजोडीच्या ओल्या काळसर वाळूवर लाटांच्या नक्षीचे पट्टे आणि त्यांत अडकलेले पाणी उरते. त्या पाण्यात आकाश उतरलेले असते. कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर आणून १६ मिमीने तेच रेषांचे जाळे पुढ्यात घ्यावे. भांगाच्या दिवसांत, भरती-ओहोटीतले अंतर कमी असताना, ही जमीन इतकी उघडी पडत नाही. म्हणजे वाइडची संध्याकाळ पंचांग पाहून ठरवायची.

दुसरी जागा वसईचा किल्ला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतलेला हा किल्ला पाहायला गेल्यावर लक्षात येते की इथे मागे सरकायला जागा नाही. पडक्या चर्चच्या भिंती, कमानी, झाडांच्या मुळांनी कवळलेले दगड, फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीवरच्या कोरीव थडग्याच्या शिळा. शिळेवरचे अक्षर आणि वरची कमान एकत्र हवी तर १६ ते २० मिमी हवीच. अशा वेळी फोकस कुठे करायचा यावर चित्र तरते किंवा बुडते. १६ मिमी, एफ/११ ला ८० सेंटीमीटरवर फोकस केला की ४० सेंटीमीटरपासून अनंतापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट मिळते. २४ मिमी, एफ/८ ला तोच बिंदू २.४ मीटरवर जातो. हे आकडे मध्यम आकाराच्या प्रिंटचे. भिंतभर मोठे चित्र करायचे असेल तर अ‍ॅपर्चर आणखी एक स्टॉप बंद करावे. तुलनेसाठी सांगायचे तर २०० मिमी, एफ/८ ला तो बिंदू १६७ मीटरवर असतो. त्यामुळे लांब लेन्सने पुढचे गवत आणि मागचा डोंगर दोन्ही धारदार मिळण्याची आशा सोडून द्यावी, काय धारदार हवे ते निवडावे. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तिपाई लावायची तर आधी परवानगी काढावी, म्हणजे पहारेकऱ्याशी वाद होत नाही.

तिसरी जागा तुंगारेश्वर आणि चिंचोटीचे ओढे. जंगल दाट, वाट अरुंद, दगड अंगावर आलेले. इथे वाइडपेक्षाही पोलरायझर फिल्टर जास्त उपयोगाचा आहे. ओल्या पानांवरची आणि खडकांवरची पांढरी चमक तो काढून टाकतो आणि खालचा हिरवा रंग वर येतो. तो दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो, पण वाहत्या पाण्याला थोडे लांब एक्स्पोजर हवेच असते. मोकळ्या आकाशाखाली मात्र २४ मिमीपेक्षा वाइड लेन्सवर पोलरायझर लावला की निळ्या आकाशात एक गडद डाग उमटतो. म्हणून लेन्स घेतानाच पुढची काच पाहावी. निकॉनच्या २००७ च्या १४-२४ एफ/२.८ सारख्या फुगीर काचेच्या लेन्सवर साधा फिल्टर बसत नाही. २०१९ ची निकॉन झेड १४-३० एफ/४ तेवढीच वाइड असून ८२ मिमीचा साधा फिल्टर घेते. ओढ्याकाठी आणि खाडीकाठी फिरणाऱ्याला दुसरी जास्त सोयीची. चिंचोटीला पावसाळ्यात माणसे वाहून गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. कोणत्याही चित्रासाठी त्या पाण्यात उतरू नये.

मधल्या लेन्सबद्दल थोडक्यात. गिरीज, मर्सेस, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव या पट्ट्यात वाड्यांमधून चालताना ३५ ते ७० मिमी हीच डोळ्याची जवळची भाषा आहे. केळीची पाने, पानवेलीचे मांडव, विहीर, मागे चर्चचा मनोरा. २४-१०५ किंवा २४-१२० एफ/४ ची एकच लेन्स दिवसभर पुरते, आणि समुद्राच्या वाऱ्यात लेन्स बदलून सेन्सरवर वाळू घेण्याची वेळ येत नाही. चर्चची दर्शनी भिंत सरळ हवी असेल तर कॅमेरा वर न झुकवता आडवा समतल धरावा आणि खालची जादा जमीन नंतर कापावी. कॅननच्या टीएस-ई २४ मिमीसारखी शिफ्ट लेन्स हे काम थेट करते, पण ती वास्तुचित्रकाराची गुंतवणूक, हौशी माणसाची नव्हे. ५० मिमी एफ/१.८ ही सर्वांत स्वस्त आणि हलकी लेन्स. छोट्या सेन्सरवर तिची चौकट ७५-८० सारखी होते, म्हणजे अ‍ॅडम्सच्या हर्नांडेझवरच्या चंद्राएवढी.

एफ/२.८ साठी दुप्पट पैसे आणि दुप्पट वजन निसर्गचित्रात वाया जाते. आपण काम करतो एफ/८ ते एफ/११ ला. त्यापुढे एफ/१६, एफ/२२ ला प्रकाश अरुंद छिद्रातून जाताना पसरतो आणि सगळेच चित्र किंचित मऊ पडते. छोट्या सेन्सरवर तर एफ/११ च्या पुढे जाण्यात फायदा नाही. तेज लेन्सचा एकच खरा उपयोग म्हणजे आकाशगंगा, आणि ती वसईच्या उजळलेल्या आकाशात दिसत नाही. त्यासाठी जव्हार-मोखाड्याच्या बाजूला अमावास्येच्या आसपास जावे लागते.

लेन्सच्या निवडीत एक प्रश्न काचेचा नाही, प्रामाणिकपणाचा आहे, आणि वसईत तो टाळता येत नाही. लांब लेन्सने हवे ते वगळता येते. वाडीच्या मागचा टॉवर, विजेच्या तारा, भरावाचे डंपर चौकटीबाहेर ठेवून आजही पन्नास वर्षांपूर्वीची वसई दाखवता येते. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर अशी वसई मी पाहिली आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नावाशी जोडलेल्या हरित वसईच्या चळवळीने ज्या हिरवळीसाठी लढा दिला, ती संकटात आहे हे अशा चित्रांतून कधीच कळणार नाही. लांब उभे राहून लावलेली तीच १३५ मिमीची लेन्स नालासोपाऱ्याच्या इमारतींची भिंत पानवेलीच्या मांडवाच्या अगदी मागे आणून उभी करते, आणि ते चित्र खोटे नसते, कारण शेतकऱ्याला रोज तेच दिसते. मांडवाजवळ जाऊन वाइडने काढलेल्या चित्रात त्या इमारती दूर सरकतात आणि आपल्याला अवकाश भरपूर आहे असा दिलासा मिळतो. माझ्या मते या घडीला वसईच्या निसर्गचित्रणाला त्या दिलाशापेक्षा लांब लेन्सची जवळीक जास्त हवी आहे. हिरवे तेवढेच काढणाऱ्यांनी अधूनमधून तरी मागची भिंत चौकटीत येऊ द्यावी.

खरेदीचे म्हणाल तर आधी घरात काय आहे ते बघा. गेल्या दशकात ज्यांनी डीएसएलआर घेतला त्यांतल्या पुष्कळांना दोन लेन्सची किट मिळाली: कॅननची १८-५५ आणि ५५-२५०, किंवा निकॉनची १८-५५ आणि ७०-३००. त्यातली दुसरी लेन्स पक्ष्यांसाठी म्हणून घेतली जाते आणि पक्षी लांब राहिले की पडून राहते. वसईची निसर्गचित्रे काढायला तीच सुरुवातीला पुरेशी आहे. एफ/८ ला ती चांगलीच धारदार असते. नवे पैसे आधी दणकट तिपाईवर घालावेत, मग पोलरायझरवर, आणि वाइड लेन्स त्यानंतर. मोबाइलवाल्यांनीही आपल्या फोनची तिप्पट किंवा पाचपट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरावी. मुख्य लेन्स फुल फ्रेमच्या मोजमापात २४-२६ मिमीच्या आसपासची असते, म्हणजे डोंगर पुन्हा दीड मिमीचाच हिशेब.

जुनी लेन्स घ्यायची तर आपली मंडळी चर्चगेटला उतरून फोर्टच्या बोरा बाजारात जातात. तिथे एक काम विसरू नये. लेन्सची दोन्ही झाकणे काढून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून, मागून मोबाइलचा टॉर्च मारावा आणि तिरके पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरट तंतू दिसले तर ती बुरशी. किंमत कितीही कमी असो, परत ठेवावी. ही बुरशी काचेवरचे कोटिंग खाते, आणि साफ केल्यावरही तिचे व्रण राहतात. किनारपट्टीवरच्या घरात पावसाळाभर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा चामड्याच्या पिशवीत किंवा कपाटाच्या तळाशी ठेवलेल्या लेन्सला ती हमखास धरते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांवर. एवढ्यावर भागते. समुद्रावरून आल्यावर आधी फुंकणीने वाळू उडवावी, मग किंचित ओल्या कापडाने लेन्सच्या नळीवरचे मीठ पुसावे. कोरड्या कापडाने घासले तर मिठाचे कण ओरखडे पाडतात. एसीच्या गाडीतून थेट दमट किनाऱ्यावर उतरलात तर काचेवर धुके बसते, म्हणून अर्धा तास बॅग बंदच ठेवावी. जून ते सप्टेंबर लेन्स डब्यात कोंडून ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरणे तिच्या तब्येतीला चांगले, आणि तुंगारेश्वरचे ढगही याच महिन्यांत मिळतात.